आभाळातला लाल ठिपका

"माझी आई खोटारडी नाही," डॉक्टरीणबाई खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या. "पण तिचा व्हिडिओ खोटा आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील, ते मला कुणीतरी सांगा."

काकूंनी चष्मा काढला आणि पदराने पुसायला घेतला. काम आवडलं की त्या आधी चष्मा पुसतात, हे फौजदारांना आठ वर्षांत कळून चुकलं होतं. त्यांनी वही उघडली.

काकूंनी बावीस वर्षं एका विमा कंपनीत काढली होती. जळालेली दुकानं, ठोकलेल्या गाड्या, बुडालेल्या होड्या असे हजारो फोटो त्यांच्या टेबलावरून गेले होते. कुठला खरा आणि कुठला बनवलेला, एवढंच त्यांचं काम. निवृत्तीनंतर त्यांनी स्टेशनरीच्या दुकानावरच्या खोलीत स्वतःचं ऑफिस थाटलं. फौजदारही निवृत्त. पोलिसातून बाहेर पडले, पण मिशा आणि आवाज तिथलेच राहिले होते.

"पहिल्यापासून सांगा," काकू म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंची आई एकाहत्तर वर्षांची. शाळेत भूगोल शिकवायच्या, म्हणून अजूनही सगळे त्यांना भूगोलाच्या बाईच म्हणत. चाळीस वर्षं डोंगर चढत आलेल्या. गेल्या महिन्याच्या चौदा तारखेला त्या साडेतीन हजार मीटरचं शिखर चढून आल्या आणि पुरावा म्हणून गिरिभ्रमण क्लबाला एक व्हिडिओ दिला. त्या शिखरावर पोचलेला सर्वांत वयस्क माणूस, अशी त्यांची नोंद होणार होती.

"आणि?"

"क्लबाच्या सचिवांनी व्हिडिओ तपासायला दिला. हिरव्या पडद्यासमोर काढलाय म्हणून अहवाल आला. परवा रविवारी समितीची बैठक आहे. आईचं नाव तर कापतीलच, शिवाय तिच्या जुन्या बेचाळीस चढायांवरही शंका घेणार आहेत. नव्या मुलींना ती शिकवते, तेही बंद."

"त्या काय म्हणतात?"

"काहीच नाही! 'मी वर गेले होते' एवढंच. पुढे तोंडाला कुलूप."

"आणि वडील?"

डॉक्टरीणबाई जरा घुटमळल्या. "बाबा जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवायचे. सगळे पेंटरकाका म्हणतात. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. शिडीवर चढणं बंद, डोंगर तर कायमचे बंद. तसं मी वचनच घेतलंय. मोडलंत तर घराला कुलूप लावून दोघांना माझ्या गावी नेईन, असं बजावलंय. तेव्हापासून घरी बसून ते व्हिडिओ जोडायला शिकले. मागच्या खोलीत हिरवा पडदा लावलाय. शेजाऱ्यांच्या मुलांना वाढदिवसाला चंद्रावर चालवतात."

"म्हणजे सगळे त्यांच्याकडेच बोट दाखवत असणार," फौजदार म्हणाले.

"दाखवतातच. पण आई गेली ते तीन दिवस बाबा घरी एकटे होते. रोज संध्याकाळी मी त्यांना व्हिडिओ कॉल करते. कधी सहाला, कधी साडेसातला, दवाखान्यातून सुटेन तशी. ते बोटाला ऑक्सिमीटर लावतात, रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा सांगतात आणि मी पडद्याचा फोटो काढून ठेवते. ओठांचा रंग बघायला."

त्यांनी फोन पुढे केला. बारा, तेरा आणि चौदा तारखेचे तीन फोटो. पांढऱ्या दाढीतला एक प्रसन्न चेहरा. मागे पुस्तकांचं कपाट आणि भिंतीवर लंबकाचं घड्याळ. पहिल्या फोटोत घड्याळात पाच वाजून वीस मिनिटं झालेली. दुसऱ्यात अंगात स्वेटर, मागे तेच कपाट, तेच घड्याळ. तिसऱ्यात चेहरा दमलेला, पण डोळे लकाकणारे. प्रत्येकाखाली डॉक्टरीणबाईंनी आकडा लिहिला होता, तिन्ही दिवस अठ्ठ्याण्णव.

काकूंनी तिसरा फोटो बराच वेळ पाहिला. "एरवी किती असतो?"

"पंच्याण्णव, शहाण्णव. त्या दिवसांत तब्येत छानच होती त्यांची."

"आता तो व्हिडिओ दाखवा."

व्हिडिओ पाऊण मिनिटाचा होता. लाल टोपी घातलेल्या भूगोलाच्या बाई कमरेपर्यंत दिसत होत्या. टोपीखालून निसटलेले पांढरे केस वाऱ्यावर उडत होते. मागे लख्ख निळं आभाळ, उन्हात न्हालेल्या डोंगरांच्या रांगा आणि डाव्या बाजूला एक वाकडा लोखंडी खांब. हातात खाऱ्या शेंगदाण्यांचं पाकीट, उशीसारखं टम्म.

"चौदा तारीख, सकाळचे सात वाजून दहा मिनिटं," त्या धापा टाकत म्हणत होत्या. "मी शिखरावर आहे. हे पाकीट वर पोचल्यावरच फोडायचं, असं ठरलं होतं. आता फोडते."

मग त्यांनी मान किंचित मागे वळवली आणि हसल्या. तेवढ्यात त्यांच्या कानाजवळ, आभाळात, एक फिकट डाग उमटला. त्यात लाल ठिपका. पापणी लवायच्या आत दोन्ही नाहीसे झाले.

"विमान!" फौजदार म्हणाले.

"कानाला खेटून?" काकू म्हणाल्या.

*

व्हिडिओ तपासणारा स्टुडिओवाला लग्नांची चित्रणं करायचा. त्याच्या स्टुडिओत एक अख्खी भिंत पोपटी हिरव्या रंगाची होती.

"माणसाच्या कातडीत, केसांत असला हिरवा रंग नसतो," त्याने समजावलं. "म्हणून मागे हिरवं लावायचं. कॉम्प्युटरला सांगायचं, हिरवं तेवढं काढ आणि तिथे दुसरं चित्र घाल. नवरा-नवरी उभी इथे, पण दिसतात धबधब्यापाशी. पडदा मात्र ताणून लावायचा, त्यावर एकसारखा उजेड टाकायचा आणि माणसाला चार पावलं पुढे उभं करायचं. नाहीतर पडद्याची हिरवी झाक केसांवर पडते आणि कडा बरबटतात."

"बाईंच्या व्हिडिओत?"

"सगळ्या चुका एकदम! केसांच्या कडेला हिरवट झाक. पडदा काळपट हिरवा, ओलसर वाटतो. सारखा फडफडतोय. बाई त्याला जवळजवळ टेकूनच उभ्या. चेहऱ्यावर सावली म्हणून नाही आणि मागे कडक ऊन. तरीसुद्धा..." तो थांबला.

"तरीसुद्धा काय?"

"अहवालात हे लिहिलं नाही, पण तुम्हाला सांगतो. इतक्या वाईट चित्रणातून इतकं बाहेर काढणं मला जमलं नसतं. पाऊण मिनिट म्हणजे हजाराहून जास्त चित्रं. ज्याने केलं त्याने एकेक चित्र हातांनी साफ केलंय. एकेक केस सोडवलाय."

"लाल ठिपका?"

"मागच्या बाजूचं काहीतरी लपवायचं होतं, ते दोन-चार चित्रांत निसटलं. बाईंचे केस त्याच्यावरून उडाले, तिथे हात टेकले बिचाऱ्याने."

बाहेर पडल्यावर फौजदार म्हणाले, "झालं की! व्हिडिओ घरचा. पंखा लावला, पडदा फडफडला."

काकू म्हणाल्या, "फौजदार, आपण पेंटरकाकांचा चंद्र बघायला जाऊ. पण आधी सचिव."

*

क्लबाचे सचिव अडुसष्ट वर्षांचे. आत्तापर्यंतचा वयाचा विक्रम त्यांचाच. ते काडीसारखे सरळ बसले होते आणि समोरची नोंदवही कापडात गुंडाळलेली होती.

"तुमचा विक्रम मोडतोय म्हणून राग?" फौजदारांनी थेट विचारलं.

सचिवांच्या कपाळावरची शीर तटतटली. "बाईंनी मला दोर बांधायला शिकवलंय. ही वही मी तीस वर्षं सांभाळतोय. तिच्यात एक जरी नोंद खोटी गेली, तर बाकीच्या सगळ्या खऱ्या कशावरून?"

काकूंना हा माणूस आवडला. "तुम्हाला कुठे खटकलं?"

"हिरव्या कडा तर दिसतातच. दुसरं म्हणजे खांब. शिखरावर वेधशाळेचा लोखंडी खांब आहे. त्याआधीच्या महिन्यात मी गेलो तेव्हा सरळसोट होता. व्हिडिओत वाकडा! चित्र कुठून उचललं तेही धड बघितलं नाही."

"वर जायला वाट एकच?"

"एकच. पायथ्याच्या निवाऱ्यावरून. निवाऱ्याची किल्ली क्लबाकडे असते. बाईंनी बाराला सकाळी नेली, पंधराला परत केली. त्या आठवड्याभरात किंवा नंतरही दुसऱ्या कुणी नेली नाही. बारा तारखेला दुपारी निवाऱ्यातून त्यांनी मला फोनही केला, तिथपर्यंत फोन लागतो. पण निवाऱ्यात पोचणं म्हणजे शिखरावर पोचणं नव्हे. तिथून वर सहा तास लागतात."

"अर्जात काय लिहिलंय?"

सचिवांनी कागद काढला. सुबक शाळामास्तरी अक्षर. नाव, वय, तारीख, वेळ, हवामान. हवामानाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'दाट धुकं, नंतर अचानक उघडलं.' 'सोबत कोण' हा रकाना कोरा होता.

"कोरा का?"

"विसरल्या असतील. एकटं गेलं तर 'एकटी' लिहायचं असतं."

काकूंनी तो कागद फौजदारांच्या वहीत जसाच्या तसा उतरवून घ्यायला लावला. "आणि वेधशाळेला फोन करून विचारा, तो खांब कधी वाकला."

*

पेंटरकाकांच्या घरात शिरताना भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळाने अकराचे ठोके दिले. पुस्तकांचं कपाट, खिडकीपाशी दोन खुर्च्या. भूगोलाच्या बाई एका खुर्चीत ताठ बसल्या होत्या.

"बाई, तुम्ही शिखरावर गेला होतात?" काकूंनी विचारलं.

"गेले होते."

"व्हिडिओ पडद्यासमोर काढलाय?"

"मी वर गेले होते. त्यापलीकडे मला काही सांगायचं नाही."

"एकट्या गेलात?"

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. "चहा घ्याल ना?"

डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

पेंटरकाकांनी मात्र पाहुण्यांना उत्साहाने मागच्या खोलीत नेलं. वय चौऱ्याहत्तर, पण चाल हलकी. भिंतीवर पोपटी पडदा असा ताणलेला की सुरकुती शोधून सापडू नये. दोन्ही बाजूंना दिवे, त्यांच्यावर जुन्या चादरीचे मऊ पडदे. जमिनीवर खडूने खुणा, कुणी कुठे उभं राहायचं त्याच्या.

"उजेड एकसारखा हवा," ते म्हणाले. "पाटी रंगवतानाही तेच. आधी पाया घोटून घ्यायचा, मग अक्षर."

त्यांनी एक चित्रफीत लावली. शेजारची कुरळ्या केसांची मुलगी चंद्रावर उड्या मारत होती. मागे काळं आकाश, लांब निळी पृथ्वी. मुलीच्या केसांची एकेक बट काळ्या आकाशावर स्वच्छ उठून दिसत होती. तिची सावलीसुद्धा चंद्राच्या मातीवर बरोबर पडत होती.

फौजदार आ वासून बघत राहिले. "ही तर वर जाऊन आली!"

"सावलीला तीन दिवस लागले," काका लाजून म्हणाले.

"बाबा, बारा वाजत आले," डॉक्टरीणबाई दारातून ओरडल्या. "दुपारचा आकडा!"

काकांनी मुकाट्याने खिशातून ऑक्सिमीटर काढून बोटाला लावला. चिमट्यातून लाल उजेड झिरपला. "शहाण्णव," ते म्हणाले आणि काकूंशी नजरानजर होताच त्यांनी नजर चटकन पडद्याकडे वळवली.

परतताना फौजदारांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून शेंगदाण्यांचं पाकीट घेतलं. व्हिडिओ पाहिल्यापासून त्यांना तेच हवं होतं. "हे बघा! कंपनी तीच, रंग तोच, पण चपटं! बाईंच्या हातात कसं टम्म होतं. आमच्या नशिबी हवासुद्धा नाही."

काकू रस्त्याच्या मधोमध थांबल्या. मागचा सायकलवाला घंटी वाजवत त्यांना वळसा घालून गेला. त्यांनी पाकीट हातात घेतलं, दाबून पाहिलं आणि चष्मा पुसायला काढला.

"आणखी दोन-चार दुकानांत विचारा. टम्म पाकीट कुठे मिळतं का बघा."

पाच दुकानं झाली. सगळीकडे चपटीच.

संध्याकाळी वेधशाळेचा फोन आला. फौजदारांनी वहीतून वाचून दाखवलं, "खांबावरचं यंत्र अकरा तारखेला दुपारी पावणेचारला बंद पडलं. वीज कोसळली असावी म्हणतात. दुरुस्तीला अजून कुणी वर गेलेलं नाही. बस्स, एवढंच. काही उपयोगाचं नाही."

"उद्या सकाळी सगळ्यांना पेंटरकाकांच्या घरी बोलवा," काकू म्हणाल्या. "सचिवांना म्हणावं, वही घेऊन या."

*

शनिवारी दिवाणखान्यात सहा जण जमले. सचिवांच्या मांडीवर कापडात गुंडाळलेली वही. डॉक्टरीणबाई आईच्या खुर्चीच्या हातावर टेकलेल्या. पेंटरकाका दाराशी उभे, जणू पळायची तयारी.

"बाई, मी बोलू?" काकूंनी विचारलं.

भूगोलाच्या बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. काकांनी मान खाली घातली. "बोला," बाई म्हणाल्या. "तुम्हाला कळलंच असेल तर आता काय."

"सगळ्यांनी हिरवा पडदा ओळखला, आणि ते बरोबरच आहे. या व्हिडिओत हिरवं कापड आहे, मागचं चित्र नंतर घातलेलं आहे. चूक झाली ती पुढच्या पावलाला. पडदा म्हटल्यावर सगळ्यांनी खोली धरली. मी मात्र चंद्रावरची मुलगी पाहिली आणि बुचकळ्यात पडले. ज्याला एका सावलीसाठी तीन दिवस घालवायची हौस आहे, त्याच्या घरात तो ताणलेला पडदा, ते दिवे, त्या खडूच्या खुणा असताना, तो बायकोच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवसासाठी काळपट, ओलं, फडफडणारं कापड वापरेल? हा व्हिडिओ त्या खोलीत काढला असता, तर तुमच्या स्टुडिओवाल्याला एक चूक सापडली नसती. चित्रण इतकं वाईट होतं, म्हणूनच ते घरातलं नव्हतं."

"मग कुठलं?" सचिवांनी विचारलं.

काकूंनी पिशवीतून शेंगदाण्यांचं चपटं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "हे इथलं पाकीट. व्हिडिओतलं उशीसारखं टम्म आहे. सचिवसाहेब, तुम्ही डोंगर चढता. बंद पाकीट वर नेलं की काय होतं?"

सचिवांचा चेहरा हळूहळू बदलला. "फुगतं. वर हवेचा दाब कमी, आतली हवा पसरते." ते पुटपुटले, "मी चाळीस वेळा तो व्हिडिओ पाहिला."

"तुम्ही कडा बघत होतात. म्हणजे बाई बोलल्या तेव्हा त्या खूप उंचावर होत्या. कुठल्या उंचीवर, ते मागचं चित्र सांगतं. अकरा तारखेला दुपारी वीज पडून खांब वाकला. तो वाकल्याचं खाली कुणालाच ठाऊक नव्हतं, तुम्हालाही नाही. वाकड्या खांबाचं चित्र त्यानंतर वर गेलेल्या माणसानेच काढलेलं असणार. आणि त्यानंतर निवाऱ्याची किल्ली एकदाच गेली. बाई शिखरावर होत्या. हिरवं कापडही शिखरावर होतं."

"शिखरावर पडदा कशाला नेतील?" फौजदारांनी विचारलं.

"पडदा नव्हे हो. तंबूचं वरचं कापड! वर दाट धुकं, झोंबरा वारा. एकाहत्तर वर्षांची बाई धापा टाकतेय, तिला चार वाक्यं बोलायची आहेत. कॅमेरा दगडावर ठेवला आणि तिच्या पाठीशी वाऱ्याला आडोसा म्हणून कुणीतरी ते कापड दोन्ही हातांनी धरलं. धुकं होतं, म्हणून चेहऱ्यावर सावली नाही. पुढे धुकं उघडल्यावर तोच कॅमेरा उचलून उन्हातल्या डोंगरांचं चित्र घेतलं. दोन्ही चित्रं एकाच सकाळची, एकाच शिखरावरची. व्हिडिओत जोड आहे, खोटं काही नाही."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कुणीतरी म्हणजे कोण?"

"बाई एकट्या नव्हत्या. त्या खोटं लिहू शकत नाहीत, म्हणून रकाना कोरा राहिला. बोलतानाही 'असं ठरलं होतं' म्हणाल्या. स्वतःशी कोणी ठरवून घेत नाही. आणि मागे वळून हसल्या. कापडामागच्या माणसाकडे बघून. तो माणूस कापडामागे पूर्ण लपला होता, दिसत होती फक्त कापडाच्या वरच्या कडेवरची बोटं. कापड हिरवं, ते कॉम्प्युटरने काढलं. बोटं हिरवी नव्हती, ती त्याला एकेक चित्रातून हातांनी पुसावी लागली. दोन-चार चित्रांत बाईंचे केस आडवे आले आणि एक बोट राहून गेलं. त्या बोटावर लाल उजेड होता. शिखरावर कापड धरतानाही ज्याच्या बोटाला ऑक्सिमीटर आहे, असा माणूस या घरात एकच."

डॉक्टरीणबाई ताडकन उठल्या. "शक्य नाही! बाबा इथे होते. मी रोज बोलले त्यांच्याशी. याच खोलीत!"

"तुमचे तीन फोटो पुन्हा बघा. कॉल कधी सहाला, कधी साडेसातला. मागच्या घड्याळात तिन्ही दिवस पाच वाजून वीस मिनिटं. आणि हे घड्याळ तर व्यवस्थित चालतं, काल आपल्यासमोर अकरा ठोके पडले."

डॉक्टरीणबाईंनी फोन काढला. एक फोटो, दुसरा, तिसरा. तिन्हींत काटे तिथेच होते.

"निवाऱ्यात फोन लागतो," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "तेच हिरवं कापड त्यांनी पाठीमागे टांगलं आणि त्यावर या खोलीचं चित्र घातलं. सगळ्यांना वाटलं बाई घरात आहेत, तेव्हा त्या डोंगरावर होत्या. तुम्हाला वाटलं वडील घरात आहेत, तेव्हा तेही डोंगरावर होते. तिन्ही दिवसांचा अठ्ठ्याण्णव आकडा मात्र मनाचा."

"बाबा?"

पेंटरकाकांनी घसा खाकरला. "तुझ्या आईला मी सांगितलं होतं, सचिवांना खरं सांगून टाक. तीच ऐकेना."

"कसं सांगणार?" भूगोलाच्या बाई प्रथमच आवाज चढवून म्हणाल्या. "तू घराला कुलूप लावून आम्हाला घेऊन गेली असतीस! चाळीस वर्षं यांनी माझा दोर धरला. त्या शिखराकडे जाताना आम्ही तीनदा अर्ध्या वाटेवरून परत फिरलो, तिन्ही वेळा माझ्या पायामुळे. मी एकटी वर जाऊन काय करू? यांच्या शस्त्रक्रियेनंतर तीन वर्षं आम्ही चालण्याचा सराव केला. आधी गल्लीच्या टोकापर्यंत, मग टेकडीपर्यंत. तुला न सांगता. माझं नाव कापलं तर कापू दे म्हटलं, पण यांचं घर जायला नको."

काका मागच्या खोलीत गेले आणि कॉम्प्युटर घेऊन आले. "मूळ चित्रण मी पुसलं नाही," ते म्हणाले. "पुसवेना."

पडद्यावर पांढरं धुकं. मधोमध फडफडणारं हिरवं कापड, त्याच्या वरच्या कडेवर घट्ट आवळलेली आठ बोटं, एकावर लाल दिवा. खाली चिखलाने भरलेले दोन बूट. पुढे लाल टोपीतल्या बाई. त्यांनी पाकीट दाखवलं, वाक्यं म्हटली, मग मागे वळून विचारलं, "अहो, ठीक आहात ना?"

कापडामागून धापा टाकत आवाज आला, "माझ्याशी बोलू नकोस! मी इथे नाहीये!"

फौजदार खो खो हसत सुटले. सचिवांनी हसू आवरायला खोकला काढला. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी तो भाग पुन्हा लावला. मग पुन्हा.

"खरे आकडे कुठायत?" त्यांनी कोरड्या आवाजात विचारलं.

काकांनी कपाटातून एक छोटी डायरी काढून दिली. पाटीवर असावं तसं रेखीव अक्षर. तीन दिवसांत एकशे चौदा नोंदी. दर वीस मिनिटांनी नाडी, आकडा, किती पावलं, किती विश्रांती. पहिल्याच पानावर लाल शाईत लिहिलं होतं, 'पंच्याऐंशीच्या खाली गेल्यास कुठेही असू, तडक उतरायचं. वाद नाही.' खाली दोघांच्या सह्या.

डॉक्टरीणबाई पानं उलटत गेल्या. "सात चौदा. चौऱ्याऐंशी." त्या थबकल्या. "म्हणून धुकं उघडेपर्यंत थांबला नाहीत?"

"चार मिनिटं होतो वर," बाई म्हणाल्या. "कापड गुंडाळून निघालो. दहा पावलं उतरलो आणि मागे सगळं लख्ख उघडलं. मी म्हटलं, परत जाऊ, दहाच पावलं आहेत. हे म्हणाले, सही केली आहेस. तिथूनच कॅमेरा वळवून खांबासकट डोंगर घेतले आणि उतरलो."

डॉक्टरीणबाईंनी डायरी मिटली. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज डॉक्टरचाच होता. "माझ्या दवाखान्यात इतकी चोख नोंद ठेवणारं एक माणूस नाही. कुलूप वगैरे काही नाही, राहा इथेच. पण पुन्हा जाल तेव्हा मला खरा आकडा हवा. वाईट असला तरी."

"पुन्हा?" काकांनी चमकून वर पाहिलं.

सचिवांनी कापड सोडून वही उघडली, शाईचं पेन काढलं. बाईंच्या नावाच्या पानावर ते थांबले आणि अवघडून म्हणाले, "बाई, एक अडचण आहे. तुमची नोंद राहील, ती कुणी काढत नाही. पण सर्वांत वयस्क म्हणून तुमचं नाव मला लिहिता येणार नाही. पेंटरसाहेब चौऱ्याहत्तरचे."

भूगोलाच्या बाईंनी आधी सचिवांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "म्हणजे विक्रम यांचा?"

"नियमाने यांचाच."

"अहो, पण मी तर कापडामागे होतो," काका गडबडून म्हणाले. "माझं नाव नको. तिचंच राहू द्या."

"गप्प बसा तुम्ही," बाई म्हणाल्या, आणि उठून सचिवांच्या खांद्यावरून वहीत वाकून पाहू लागल्या. "लिहा हो. पूर्ण नाव लिहा. मी सांगते."